पेट्रोल भरा, पण घाई नको!

रविवार, सकाळचे साडेसहा. पुण्याबाहेरच्या एका मोकळ्या माळावर हिंजवडीत नोकरी करणारा एक मित्र गाडीच्या डिकीतून आपलं हेलिकॉप्टर बाहेर काढतो. हेलिकॉप्टर म्हणजे जत्रेतलं खेळणं नव्हे हं! वरच्या पात्यांचा घेर पाच फूट, वजन सहा-सात किलो आणि पोटात चक्क पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढली की ग्रास कटरसारखं ढर्रर्र करत सुरू होणारं. रस्त्यावरचे दोन-चार बाइकवाले थांबतात, दूधवाला थांबतो, मोबाइल बाहेर निघतात. आता उडणार… आता उडणार… आणि पाचच मिनिटांत आपला हीरो इंजिन बंद करतो आणि सगळा संसार पुन्हा डिकीत भरतो!

पब्लिक वैतागून निघून जातं. तीन महिन्यांचे वीकएण्ड आणि दोन पगार घालवून, न उडवताच परत? हो. आणि आख्ख्या तीन महिन्यांत त्यानं घेतलेला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. का, ते शेवटी कळेलच. त्याआधी हे प्रकरण आहे तरी काय, ते बघू या.

पेट्रोलच का?

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचे तीन प्रकार. बॅटरीवालं, ‘नायट्रो’वालं आणि पेट्रोलवालं. बॅटरीवालं स्वच्छ, शांत आणि सोपं, पण सात-आठ मिनिटांत चार्जिंग संपतं. नायट्रोवाल्याला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल असं खास इंधन लागतं. ते महाग, शिवाय आपल्याकडे सहज मिळतही नाही. पेट्रोलवाल्याचं तसं नाही. साधं पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोक ऑइल, की झालं काम. अर्ध्या लिटरच्या आसपासच्या टाकीत वीस-पंचवीस मिनिटं आरामात उडतं.

यातली इंजिनं मुळात शेती-बागकामाच्या मशीनच्या खानदानातली. जपानच्या झेनोआ कंपनीची २२-२३ सीसीची टू-स्ट्रोक इंजिनं या हेलिकॉप्टरांत वर्षानुवर्षं गाजली. आपली जुनी लुना आठवते? तिचं इंजिन ५० सीसीचं. म्हणजे लुनाच्या निम्म्याहून लहान इंजिन हवेत तरंगतंय! मात्र पेट्रोल इंजिन जड असतं आणि जाम थरथरतं. ही थरथरच पुढे सगळ्या भानगडींचं मूळ ठरते.

हा शौक काही आजचा नाही. रिमोटवरचं हेलिकॉप्टर नीट ताब्यात ठेवून उडवता येतं, हे १९७० च्या सुमारास जर्मन इंजिनिअर डीटर श्लूटर यांनी दाखवून दिलं. आणि यात नुसता शौकच आहे असंही नाही. जपानमध्ये यामाहाची मोठी पेट्रोल हेलिकॉप्टरं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भाताच्या शेतांवर औषध फवारायला लागली. ड्रोन हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी!

आधी भीती, मग मजा

एक छोटा हिशोब करा. पाच फुटांचा घेर आणि मिनिटाला १५०० फेरे. पात्याच्या टोकाचा वेग निघतो ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. पातं कार्बन फायबरचं किंवा ग्लास फायबरचं. ते बोट, हात, डोकं असा भेदभाव करत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका पार्कमध्ये १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून जागच्या जागी गेला. तो नवशिक्या नव्हता. चांगला सराव असलेला होता.

घाबरवायचा हेतू नाही. पण ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे, तोच हा छंद वर्षानुवर्षं करू शकतो. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून पाळायचे. सोसायटीचं ग्राउंड नाही, गच्ची नाही, क्रिकेट चालू असलेलं मैदान तर नाहीच नाही. उडवताना स्वतः किमान दहा मीटर लांब, बघे त्याहून खूप मागे, आणि सगळे तुमच्या पाठीशी. पाती फिरत असताना जवळ जायचं नाही. कुणीही, कशालाही.

टेबलावरचे वीकएण्ड

या छंदाचा खरा फण्डा असा, की नव्वद टक्के उड्डाण टेबलावर होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचायला जरा जड जातं. तिथे चुकलं की कंट्रोल-झेड. इथे कंट्रोल-झेड नाही. इथे फक्त माती आणि कार्बन फायबरचा चुरा.

पहिला शत्रू थरथर. धातूत धातू बसतो असा प्रत्येक स्क्रू आधी पुसून तेलमुक्त करायचा, मग त्याला निळं थ्रेडलॉक लावायचं. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र लावायचं नाही, प्लॅस्टिकला तडे जातात. कंटाळवाणं काम आहे, पण हवेत ढिला झालेला एकच स्क्रू पुरतो.

मग क्लच. ॲक्टिव्हा चालवली असेल तर हा तुम्हाला आधीच कळलाय. इंजिन हळू चालत असताना गाडी जागेवर उभी राहते आणि रेस केली की निघते. इथेही तसंच. आयडलला वरची पाती फिरता कामा नयेत. फिरत असतील तर आयडल कमी करा, नाहीतर क्लच तपासा.

त्यानंतर पात्यांचा कोन, म्हणजे पिच. कार वेग वाढवून पळते. हेलिकॉप्टर मात्र पात्यांचा वेग जवळपास तोच ठेवतं आणि कोन बदलून वर-खाली जातं. शिकाऊ माणसानं स्टिक मध्यावर असताना साधारण पाच अंश कोन ठेवावा, म्हणजे तिथेच ते हवेत स्थिर राहायला लागतं. हा कोन डोळ्यांनी नाही, पिच गेजनं मोजायचा. दोन्ही पाती वजनाला सारखी हवीत आणि फिरताना एकाच रेषेत दिसायला हवीत. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावली की कुठलं वर चाललंय आणि कुठलं खाली, ते लांबूनच कळतं.

शेवटी जायरो. शेपटी भरकटू नये म्हणून ती सांभाळणारं हे छोटं यंत्र. जमिनीवर, इंजिन बंद ठेवून शेपटी हातानं झटकन एका बाजूला ढकला. शेपटीच्या पात्यांचा कोन तिला उलट बाजूला रेटेल असा बदलायला हवा. जायरो उलटा सेट झाला असेल तर हेलिकॉप्टर जमीन सोडताच भोवऱ्यासारखं गरगरतं आणि तीन महिन्यांचं काम तीन सेकंदांत संपतं. तपासायला लागतात दहा सेकंद!

पेट्रोल, ऑइल आणि दोन स्क्रू

ऑइलचं प्रमाण इंजिनच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच पाळायचं. समजा ४० ला १ सांगितलंय, तर एक लिटर पेट्रोलमध्ये २५ मिलीलिटर टू-स्ट्रोक ऑइल. अंदाजपंचे ओतायचं नाही, मेडिकलमधून मापाची सिरिंज आणायची. आणखी एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमधल्या नाजूक डायफ्रॅमला फार दिवस मानवत नाही. म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मिश्रण ताजंच बनवायचं, मागच्या दिवाळीतलं उरलेलं नाही.

कार्ब्युरेटरला दोन स्क्रू. एक कमी वेगाचा, दुसरा जास्त वेगाचा. सुरुवात कंपनीनं सांगितलेल्या जागेवरून करायची. नंतर स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या पाच मिनिटांइतकाच, आणि मग थांबून इंजिन ऐकायचं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी मस्त तिखट आवाजात पळतं. आपल्याला वाटतं, वा, काय जमलंय! पण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जातंय, हे आपण विसरतो. इंजिन तापतं आणि जाम होतं. पहिल्या काही टाक्यांना थोडं जास्तच पेट्रोल, थोडा धूर आणि शांत स्वभाव. नव्या बाइकचं रनिंग-इन करतो तसंच.

डावं म्हणजे उजवं!

प्रत्यक्ष उडवायच्या आधी कंप्युटरवर सिम्युलेटर. तिथे पन्नास वेळा आपटलं तरी खर्च शून्य. खरी गंमत कुठे होते? हेलिकॉप्टरची शेपटी तुमच्याकडे असताना डावं म्हणजे डावं. त्यानं तोंड तुमच्याकडे वळवलं की डावं उजवं होतं! डोकं हे मानायला तयारच होत नाही. बोटांना ते कळेपर्यंत सिम्युलेटर सोडायचा नाही.

पहिलं उड्डाण वारा नसताना, पहाटे. खाली शिकाऊ पायांची जोडणी लावायची. लांब काड्या आणि टोकांना चेंडू, म्हणजे हेलिकॉप्टर कलंडत नाही. शेपटी आपल्याकडे ठेवून फक्त एका जागी तरंगायचं. जमिनीला अगदी चिकटून राहिलात तर पात्यांचीच हवा परत उसळून हेलिकॉप्टर डळमळतं. म्हणून जरा वर. आणि अंगठा कायम ‘थ्रॉटल होल्ड’च्या बटनाजवळ. गडबड वाटली की ते आधी दाबायचं. हेलिकॉप्टर वाचवायचं की माणसं, हा प्रश्न त्या क्षणी पडताच कामा नये.

कायद्याचं काय?

आपल्याकडे ड्रोन रूल्स, २०२१ लागू आहेत. हौस, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या, २५ किलोपर्यंतच्या विमानांची ‘मॉडेल’ अशी वेगळी व्याख्या त्यात आहे. पण म्हणून सगळं माफ, असं नाही. वजनाच्या हिशोबात २ ते २५ किलोचं यंत्र ‘स्मॉल’ गटात येतं. त्यामुळे खरेदीच्या आधीच रजिस्ट्रेशन आणि पायलट सर्टिफिकेटचे सध्याचे नियम बघून घ्या. जागा निवडताना सरकारी नकाशावरचे लाल, पिवळे, हिरवे झोन तपासा. मुंबई-पुण्यात विमानतळ आणि लष्करी हद्दी इतक्या आहेत, की घराजवळचं ग्राउंड बहुतेक बादच होतं. म्हणून तर भल्या पहाटे गाडी काढून शहराबाहेर जायचं.

आणि तो रविवार?

तर त्या सकाळी मित्रानं उडवण्याआधीची शेवटची तपासणी केली. रेंज चेक. रिमोट कमी ताकदीवर ठेवून तीस पावलं लांब जायचं आणि सगळे सर्व्हो हुकूम ऐकतात का, ते बघायचं. इंजिन बंद असताना सगळं ठणठणीत. मग दुसऱ्या मित्रानं रोटरचा मधला भाग घट्ट धरला, इंजिन आयडलला सुरू केलं आणि तपासणी पुन्हा केली. शेपटीचा सर्व्हो मधूनच दचकायला लागला. अगदी हलकं. लक्ष नसतं तर दिसलंही नसतं.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो आणि प्रत्येक ठिणगी हा छोटासा रेडिओच. तिचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचला तर हेलिकॉप्टर तुमचं ऐकायचं सोडून ठिणगीचं ऐकतं. पूर्वीच्या ७२ मेगाहर्ट्झच्या रिमोटना हा त्रास फार व्हायचा. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर तो खूप कमी झाला, संपला नाही.

समोर पब्लिक उभं, मोबाइल सुरू. एकदा उडवून बघू या, असं वाटणं किती सोपं होतं! पण त्यानं हेलिकॉप्टर डिकीत भरलं. घरी गेल्यावर सापडलं ते एवढंच. प्लगची कॅप नीट बसली नव्हती आणि इग्निशनची वायर रिसीव्हरच्या वायरला चिकटून गेली होती. कॅप दाबून बसवली, वायरी लांब केल्या. एकूण काम वीस मिनिटांचं.

पुढच्या रविवारी तोच माळ. रेंज चेक बंद इंजिनवर ओके, चालू इंजिनवरही ओके. सहा-सात किलोंचं ते धूड जमिनीवरून सुटलं आणि छातीएवढ्या उंचीवर चार मिनिटं तरंगत राहिलं. ना कसरत, ना कोलांटी. बघायला दूधवालासुद्धा नव्हता.

उतरल्यावर मित्राचे हात मात्र इंजिनापेक्षा जास्त थरथरत होते.