हळद, मिरी आणि सुजलेले सांधे



"सांधे सुजलेत? हळद घे," हा भारतातून फोनवर येणारा सल्ला सर्वांच्या ओळखीचा. हळदीतले करक्युमिन सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण हळदीत करक्युमिन जेमतेम ३ टक्के, आणि तेही रक्तात फारसे उतरत नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी मिरीतले पिपेरिन सोबत दिले, तेव्हा हे प्रमाण २० पट वाढले. म्हणूनच अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. मात्र अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वॉरफरिन घेणाऱ्यांनीही जपावे.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मेथोट्रेक्सेट सोडून नुसत्या हळदीवर राहू नका. झिजलेला सांधा पुन्हा पूर्ववत होत नाही. आमटीतली हळद खुशाल खा, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच!