मेणबत्तीचे तुकडे जपा, कूलरचे पाणी मात्र फेका!

बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर झाले की आपल्या घराघरांत वंदनेच्या मेणबत्त्यांचे अर्धवट तुकडे उरतात. नांदगाव पेठच्या वस्तीत आम्ही माता-भगिनींना सांगतो, हे तुकडे फेकू नका. त्यांची डासांना अटकाव करणारी मेणबत्ती घरीच होते.

साहित्य : मेणाचे तुकडे १०० ग्रॅम, सिट्रोनेला तेल एक लहान चमचा, जाड सुती दोरा, स्टीलची वाटी. हे तेल गवती चहाच्या कुळातील गवताचे. त्याच्या वासाने डासाला माणसाचा माग काढणे अवघड जाते.

कृती : पातेल्यात पाणी गरम करून त्यात जुन्या डब्यात मेण वितळवा. मेण साधारण ६० अंशांवर वितळते, म्हणून गरम पाणी पुरते. डबा थेट गॅसवर ठेवू नका; मेण फार तापले तर पेट घेते. पेटलेच तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण घाला. जळक्या वाती चिमट्याने काढा. डबा खाली उतरवून तेल मिसळा. मेणात बुडवलेला दोरा वाटीच्या मधोमध धरून मेण ओता व थंड होऊ द्या.

मेणबत्ती लेकरांपासून व मच्छरदाणीपासून दूर ठेवा आणि झोपण्यापूर्वी विझवा. उघड्या अंगणात वाऱ्याने वास उडून जातो, हेही ध्यानात घ्या.

मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. एमआयडीसीत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसालाही मच्छरदाणी लावून द्या. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उन्हाळा संपला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसेच राहते, तिथे त्याचे आयतेच घर होते. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. टाकी, ड्रम, रांजण रिकामे करून आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात.

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. तेव्हा ताप हा कुणाचा कोप नव्हे. लेकरू तापले तर अंगारा-धुपारा नको. लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.