चांदोबा कोणाबरोबर चालतो?

पौर्णिमेची संध्याकाळ होती. धाकट्याला आजीजवळ ठेवून मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन बाहेर पडले. खूप दिवसांनी आम्ही दोघीच. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचं दर्शन झालं, बाहेर भेळ झाली, आणि बाजीराव रस्त्यानं चालत परत निघालो. उजव्या हाताला इमारतींच्या मागून चंद्र वर येत होता. ती चार पावलं धावली, थांबली, पुन्हा धावली. मग माझा हात ओढून कुजबुजली, "आई, तो आपल्याबरोबर येतोय. मी थांबले की तोपण थांबतो!"

जगातली कितीतरी मुलं हा शोध आपापला लावतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना सूर्य-चंद्राबद्दल प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. चंद्र आपल्या मागोमाग येतो, असं लहान मुलं अगदी खात्रीनं सांगत. १९२६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात या उत्तरांची नोंद आहे.

मुलांचं निरीक्षण अचूकच असतं. आपण चालू लागलो की जवळचा विजेचा खांब झटकन मागे पडतो, लांबची इमारत सावकाश पडते. वस्तू जितकी दूर, तितकी ती उशिरा मागे पडते. चंद्र तर सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पुण्याहून मुंबई सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर. तेवढं अंतर ओलांडलं, तरी त्यामुळे चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत फार तर स्वतःच्या रुंदीच्या तिसाव्या भागाएवढा सरकलेला दिसेल! मग बाजीराव रस्त्यावरच्या आमच्या पावलांची काय कथा? जे मागे पडत नाही ते बरोबर येतंय, हा लेकीचा हिशेब चोख होता.

मी विचारलं, "आणि बाबा आत्ता उलट्या दिशेला चालत असले तर? चांदोबा कोणाबरोबर जाईल?" पुढच्या चौकापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "दोघांबरोबर. तो सगळ्यांनाच घरी सोडतो." तिला थांबवून मी हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरायला सांगितलं. एवढा मोठा दिसणारा चांदोबा एवढ्याशा करंगळीमागे अख्खा लपला. घरी पोचल्यावर गच्चीत तिनं पुन्हा करंगळी धरली. क्षितिजाजवळ थोराड वाटणारा आणि वर चढल्यावर लहान वाटणारा चंद्र करंगळीच्या मापानं तेवढाच भरतो. मोठेपणाचा भास डोळ्यांमागच्या मेंदूत तयार होतो.

पण मला त्या संध्याकाळचं खरं नवल वेगळंच वाटतं. पाच वर्षांच्या मुलीला हे सगळं मोठेपणी आठवेल का? बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी सरासरी तीन वर्षांच्याही आतल्या निघाल्या. माओरींच्या घरात घडून गेलेलं पुन्हा पुन्हा सांगण्याला मोठं मोल आहे, आणि संशोधकांनी या आठवणींचा संबंध त्याच्याशी जोडला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फायवश यांनी वर्षानुवर्षं पालक-मुलांच्या अशाच गप्पा अभ्यासल्या आहेत. "मग काय झालं? तुला काय वाटलं?" असं विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत बोलणाऱ्या पालकांच्या मुलांच्या आठवणी अधिक भरगच्च असतात, असं या संशोधनात दिसलं आहे.

म्हणजे लहानपणची आठवण एकट्या मुलाच्या डोक्यात आपोआप साठत नाही. ती दोघं मिळून विणतात. आणि त्यासाठी आधी दोघांनी एकच गोष्ट एका वेळी पाहिलेली असावी लागते. घरातल्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं.

येत्या पौर्णिमेला सूर्य मावळतीला टेकेल तेव्हा चंद्र पूर्वेला उगवत असेल. घरातल्या एकाच मुलाचा हात धरून बाहेर पडा. दुसऱ्याची पाळी पुढच्या पौर्णिमेला. चालताना मूल थांबेल तिथे थांबा, ते दाखवेल ते बघा. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आठवणीनं विचारा: "काल चांदोबा कुठपर्यंत आला होता गं आपल्याबरोबर?"