कॅसेटमधला आवाज मागे का पडतो?

मालवण पट्ट्यात घरोघरी जपलेल्या लग्नांच्या आणि दशावताराच्या व्हीएचएस कॅसेटना दमट हवेत बुरशी धरते. अशी टेप संगणकावर उतरवताना सिग्नल तुटून काही चित्रचौकटी गळतात. आवाज मात्र सलग नोंदला जातो. पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी असतात, म्हणजे 75 गळल्या की चित्र 3 सेकंद पुढे पळते. झांजा आपटलेल्या दिसतात, नाद मागाहून येतो.

फरक सुरुवातीपासून तेवढाच असेल तर आवाजाची पट्टी सरकवली की भागते. वाढत जाणारा फरक तुकड्यातुकड्याने जुळवावा लागतो, आणि ते काम फार किचकट. त्यापेक्षा जाणकाराकडून टेप साफ करून, सिग्नल स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर जोडून पुन्हा उतरवणे केव्हाही चांगले. तोवर मूळ कॅसेट टाकून देऊ नये.