केक स्पॅच्युला
केक स्पॅच्युला हे केकचे मिश्रण एकत्र करण्यासाठी, ते भांड्यातून निपटून घेण्यासाठी आणि केकवर क्रीम पसरवण्यासाठी वापरले जाणारे चपट्या पात्याचे साधन आहे. मिश्रणासाठी सिलिकॉनचे, तर सजावटीसाठी स्टेनलेस स्टीलचे लवचीक पाते वापरतात. नैसर्गिक रबर उष्णता व तेलामुळे खराब होते; सिलिकॉन साधारणतः २०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते.

पाते व मूठ यांचा सांधा हा या साधनाचा कमकुवत भाग होय. तेथे ओलावा व मिश्रणाचे कण साचतात आणि पाते सैल होते. त्यामुळे सिलिकॉनचा स्पॅच्युला सांधा नसलेला, एकसंध असावा. स्टीलचे पाते मुठीत खोलवर घट्ट बसवलेले असावे. किंचित वाकवून सोडल्यास ते पूर्ववत व्हावे. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवल्यास तडकते.