गोंदणातून कागदावर : मिथिलेतील दुसाध स्त्रियांची चित्रकला

मिथिलेच्या चित्रकलेचा उल्लेख होताच विवाहप्रसंगी वधूवरांच्या खोलीत रंगविले जाणारे 'कोहबर', तसेच राम-सीता व कृष्ण यांची चित्रे डोळ्यांसमोर येतात. ही ओळख चुकीची नाही, तथापि ती अपुरी आहे. उत्तर बिहारमधील मधुबनीच्या परिसरात या कलेची विभागणीही जातीनुसार झाली होती. त्यांपैकी दुसाध स्त्रियांच्या चित्रशैलीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जानेवारी १९३४ च्या भूकंपात घरांच्या भिंती कोसळल्या, तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस आतील चित्रे पडली. १९४९ साली त्यांनी 'मार्ग' या नियतकालिकात त्यांविषयी लेख लिहिला. त्यात मुख्यतः ब्राह्मण व कायस्थ घरांतील चित्रांचाच विचार होता. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस मधुबनीस पाठविले. त्यांनी स्त्रियांना कागद दिला आणि भिंतीवरील कलेतून रोजगार निर्माण झाला. ठळक रेषांत गडद रंग भरणारी 'भरणी' ब्राह्मण स्त्रियांची, तर बारीक रेषांनी आकृती भरणारी 'कचनी' कायस्थ स्त्रियांची, असे समीकरण रूढ झाले.

दुसाध ही एकेकाळी अस्पृश्य गणली गेलेली जात. सत्तरच्या दशकात जितवारपूर गावच्या चानो देवी व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी कागद हाती घेतला. एरिका मोझर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने त्यांना प्रोत्साहन दिले. या स्त्रियांनी उच्चवर्णीयांच्या देवघराकडे न पाहता स्वतःच्या हातापायांवरील गोंदणाकडे पाहिले. गोंदणास तेथे 'गोदना' म्हणतात, आणि तेच या शैलीचे नाव झाले. दागिना गहाण पडतो, गोंदण मात्र देहाबरोबरच जाते, ही समजूत आपल्या खेड्यांतही ऐकावयास मिळते. गरिबाच्या त्या एकमेव अलंकारातूनच ही कला उभी राहिली.

बांबूची टोकदार काडी काजळीच्या शाईत बुडवून ठिपके, वर्तुळे, फुले, मासे व पशुपक्षी यांच्या ओळी काढणे, हे या शैलीचे प्रमुख लक्षण होय. अनेकदा मध्यभागी वृक्ष असतो व त्याभोवती आकृतींची वलये असतात. कागदावर शेणाच्या पाण्याचा हात फिरवून मातकट पार्श्वभूमी तयार करण्याची पद्धत चर्मकार समाजातील जमुना देवी यांनी पुढे आणली. दुसाध चित्रांचा नायक म्हणजे राजा सलहेस. हा त्यांचा लोकदैवतस्वरूप वीरपुरुष हत्तीवर आरूढ झालेला दाखविला जातो. ज्यांना इतरांच्या देवळात प्रवेश नव्हता, त्यांनी स्वतःचा इतिहासपुरुष चित्रात आणला, ही गोष्ट आम्हास विशेष महत्त्वाची वाटते.

बाजारात मात्र या चित्रांना 'हरिजन शैली' असे नाव पडले. ज्या शब्दास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली मुंबई विधानसभेत विरोध केला होता, तोच येथे कलेच्या माथी मारला गेला. सन्मानही विलंबानेच आला. कायस्थ समाजातील जगदंबा देवी यांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. गोदना चित्रकार शिवन पासवान व शांती देवी या दांपत्यास तोच सन्मान मिळण्यास २०२४ साल उजाडले.

शैली जन्माने ठरते, हा समज अनुभवाने खोटा ठरविला आहे. रांटी गावच्या मल्लाह समाजातील दुलारी देवी महासुंदरी देवी यांच्या घरी घरकाम करीत असत. तेथेच त्या चित्रकला शिकल्या. त्यांनी भरणी व कचनी या दोन्ही शैली आत्मसात केल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिहारच्या मालविका राज यांनी तर मिथिला शैलीतच भगवान बुद्धांचे जीवन व डॉ. आंबेडकर यांची चित्रे रंगविली आहेत.

म्हणून 'परंपरागत कला' असे म्हणताना ती परंपरा कोणाची व तिची नोंद कोणी घेतली, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. जितवारपूरच्या श्रमिक स्त्रियांनी कोणाच्या अनुमतीची वाट न पाहता, आपल्या देहावरील खुणांना कलेचे स्थान मिळवून दिले. त्यांच्या चित्रांचा अभ्यास व जतन करताना त्यांची नावेही आदराने नोंदविली जावीत, असे आम्हास वाटते.