वीस गुंठ्यांचा हिशोब

"वीस गुंठ्यांत पोट भरतं का?" बिरवाडीच्या नाक्यावर, पोलादपूरच्या एसटीत, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पांत हा सवाल सारखा कानावर येतो. विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलंच असतं: नाही भरत, तेव्हा जमीन पड ठेवा.

हिशोब मांडू. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. हेक्टरी 30 क्विंटल उतारा धरला, तर सहा क्विंटल भात. 2025-26चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, म्हणजे जेमतेम 14 हजार. त्यातून नांगरणी, लावणी, कापणीची मजुरी वजा करा. विकायला भात परवडत नाही, हे अगदी खरं. पण वीस गुंठेवाला भात विकतो कुठे? तो घरात खातो. सहा क्विंटल भाताचे चार क्विंटल तांदूळ होतात. दुकानात किलोला 45 रुपये धरले, तर तेवढ्याच तांदळाला 18 हजार मोजावे लागतील. ही बचत हिशोबात कुणी धरतच नाही.

शिवाय पूर्ण पोट शेतीनेच भरावं, ही अट आली कुठून? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 77व्या फेरीत (2018-19) शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात पिकाचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063! देशातला सरासरी शेतकरीच पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतो. मग एमआयडीसीत पाळी करून वीस गुंठे राखणाऱ्याला "ना धड नोकरदार, ना धड शेतकरी" का म्हणायचं? त्याच्यासारखीच तर कितीतरी घरं चालतात.

आता जोडीला परसात दहा कोंबड्या ठेवा. वनराजा, गिरिराजासारखी सुधारित जात वर्षाला शंभराच्या वर अंडी देते. अंड्याला दहा रुपये आले, तर दहा हजार होतात. खाद्य आणि मरतूक त्यातून जाईल, तरी घरच्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा राहतो. "गावठी कोंबडीला लस कशाला" म्हणणाऱ्यांनी मानमोडीत रिकामी झालेली खुराडी आठवावीत. पहिल्या आठवड्यातला लासोटा लशीचा थेंब चुकवू नये.

"पाणी नाही, दुसरं पीक कुठलं?" हाही तसाच ठरीव सवाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, हरभरा येतो, आजोबांनी तेच केलं. खरी अडचण मोकाट गुरांची. एकट्याने पेरलं, तर सगळ्या गावाची गुरं त्याच शेतात शिरतात. गुरं कधी सोडायची हे वाडीने मिळून ठरवलं, तर वाल वाचतो. एकट्याच्या कुंपणाचा खर्च वीस गुंठ्यांना झेपत नाही.

राब भाजल्याशिवाय भात होत नाही, हाही समज. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत राब, चिखलणी, लावणी काहीच नाही. गादीवाफ्यावर थेट टोकण करतात.

आणि जोडधंद्याचं अनुदान. "कर्ज काढा, सबसिडी हातात पडते" असं सांगत कुणी आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे विशेष गटाला 35 टक्के अनुदान आहे. पण ती रक्कम बँकेत तीन वर्षं अडकून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळती होते. तोवर हप्ते धंद्यातूनच फेडायचे असतात.